अंग दुखत नाही म्हणजे स्नायू वाढत नाहीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, पुण्यात संगणकासमोरची बैठी नोकरी, वजन ७० किलो, आहार शाकाहारी. पाच महिने जिम चालू आहे. ट्रेनर सांगतो की व्यायामाने स्नायू फाटतात आणि भरून येताना जाड होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी अंग आंबलंच पाहिजे. आंबत नसेल तर व्यायाम बदला, स्नायूला 'शॉक' द्या. पहिल्या महिन्यात अंग खूप दुखायचं, आता ट्रेनर दर दोन आठवड्यांनी व्यायाम बदलतो तेव्हाचे एक-दोन दिवस सोडले तर दुखत नाही. वजनकाटा जागचा हललेला नाही, पण पँट कमरेत सैल झाली आहे. मग स्नायू वाढतात तरी कसे आणि आपलं चुकतंय काय? शिवाय ६८ वर्षांच्या आईला वजनं उचलायला लावली तर चालेल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली बरीच वर्षं माझा निम्मा वेळ दुखापती बऱ्या करण्यात आणि निम्मा लोकांना वजनं उचलायला शिकवण्यात जातो, त्यामुळे उत्तर लांबणार. निकाल आधी सांगून टाकतो. दुखणं थांबलं ही चांगली खूण आहे, आणि दर दोन आठवड्यांनी व्यायाम बदलणं हेच तुमच्या वाढीच्या आड येतंय.

आधी वाढतं काय ते पाहू. स्नायूतला एकेक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढी, पण लांबी काही सेंटिमीटरपर्यंत, आणि आत एकाऐवजी शेकडो केंद्रकं. या पेशीत दोरखंडासारख्या जुड्या भरलेल्या असतात. त्यात ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकवून ठेवलेले असतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. स्नायू आखडतो तो या ओढाताणीमुळे, आणि ही गोष्ट १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडली. व्यायामाने जेव्हा स्नायू खरोखर वाढतो, तेव्हा या धाग्यांच्या नव्या जुड्या जुन्यांच्या शेजारी बसवल्या जातात आणि तंतू जाड होतो. तंतूंची संख्या मात्र जन्माच्या आसपासच जवळजवळ ठरलेली असते. मोठ्या माणसाचा दंड भरतो तो आहे तेच तंतू जाड झाल्यामुळे.

तंतू जाड होत गेला की आतल्या कामकाजाला केंद्रकंही जास्त लागतात. ती पुरवायला तंतूच्या पृष्ठभागाला चिकटून काही राखीव पेशी बसलेल्या असतात. १९६१ साली अलेक्झांडर माउरो यांना त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, तंतूभोवती उपग्रहासारख्या, म्हणून त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. गरज पडली की त्या विभागतात, तंतूत विलीन होतात आणि आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की पुढे स्नायू रोडावला तरी ही मिळवलेली केंद्रकं टिकून राहतात. कॉलेजात तालीम केलेला माणूस वीस वर्षांनी परत व्यायामाला लागला तर नवख्यापेक्षा भराभर भरतो, त्यामागचं एक कारण हे असावं असं मानलं जातं.

आता खरा मुद्दा. नवे धागे बांधायचा हुकूम देतं कोण?

१९६० च्या दशकात आल्फ्रेड गोल्डबर्ग या संशोधकाने उंदरांवर केलेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. उंदराच्या पोटरीत तीन मुख्य स्नायू असतात. त्यातल्या मोठ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्याने कापून टाकला. आता चालताना सगळा भार उरलेल्या दोन छोट्या स्नायूंवर आला आणि थोड्याच दिवसांत ते चांगलेच जड झाले. इथपर्यंत नवल काही नाही. पण मग त्याने पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेले उंदीर घेतले, म्हणजे वाढीचं संप्रेरक बंद. तरी स्नायू वाढले. मधुमेह झालेले उंदीर घेतले, इन्शुलिन नाही. तरी वाढले. उपाशी ठेवलेले घेतले, ज्यांचं बाकीचं अंग झडत होतं. त्यांच्यातही भार पडलेला स्नायू टिकाव धरून होता. याचा अर्थ असा की वाढीचा हुकूम रक्तातून सगळ्या अंगाला येत नाही. ज्या तंतूवर ताण पडतो, तो तंतू स्वतःच तो हुकूम काढतो.

म्हणूनच 'पायांचा व्यायाम केला की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढतं आणि त्याने दंड वाढतात' हा जिममधला आवडता सिद्धांत टिकत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात याची थेट तपासणी झाली. एकाच माणसाचा एक दंड नुसता आणि दुसरा दंड पायांच्या जड व्यायामाला जोडून असे काही आठवडे वाढवले. दोन्ही दंड सारखेच भरले. पाय जरूर करा, पण पायांसाठी करा.

ताण तंतूला कळतो कसा, याचा तपशील अजून पुरता उलगडलेला नाही. पेशीच्या आवरणात बसलेली काही प्रथिनं आणि धाग्यांमधला टायटिन नावाचा स्प्रिंगसारखा रेणू यांच्यावर मुख्य संशय आहे. तिथून पुढे निरोप एमटॉर नावाच्या एका प्रथिनापर्यंत जातो, आणि ते पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने चालू करतं. हे प्रथिन सापडलं तेही मजेशीर रीतीने. प्रशांत महासागरातल्या इस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन हे औषध मिळालं होतं. ते औषध ज्याला रोखतं, तो हा एमटॉर. २००९ मध्ये तरुण स्वयंसेवकांना पायाच्या व्यायामाआधी रॅपामायसिन दिलं गेलं, तेव्हा व्यायामानंतर एरवी दिसणारी प्रथिननिर्मितीतली उसळी दिसलीच नाही. व्यायाम तोच, वजन तेच, पण निरोप मधेच अडवला गेला होता.

तर ताण. पण कुठला आणि कोणत्या तंतूवर? इथे लोकांची गल्लत होते, कारण पाच किलोचा डंबेल उचलताना तुमच्या दंडातले सगळे तंतू कामाला लागलेले नसतात. एका मज्जापेशीच्या ताब्यात तंतूंचा एक गट असतो. काही गट लहान, चिवट, लवकर न थकणारे. काही मोठे, ताकदवान, पण लवकर दमणारे. हेनमन या संशोधकाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की शरीर हे गट ठरलेल्या क्रमाने कामाला लावतं: आधी लहान, मग गरज वाढेल तसे मोठे. वाढण्याची जास्त क्षमता असते ती या मोठ्या गटांतल्या तंतूंत, आणि ते उगाच जागे होत नाहीत.

त्यांना जागं करायचे दोन रस्ते आहेत. वजनच इतकं जड घ्या की पहिल्या रेपपासून, म्हणजे पहिल्यांदा उचलतानाच, त्यांची गरज पडेल. किंवा वजन हलकं घ्या, पण लहान गट थकून मोठ्यांना हाक जाईपर्यंत सेट, म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सची फेरी, ओढा. २०१२ मध्ये मॅकमास्टरमध्येच याची तुलना झाली. एका गटाने एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या ८० टक्के वजन वापरलं, दुसऱ्याने ३० टक्के, पण दोघांनीही सेट पूर्ण दमेपर्यंत नेला. दहा आठवड्यांनी मांडीचे स्नायू दोन्हीकडे जवळपास सारखे वाढले होते. जड वजन उचलण्याची ताकद मात्र जड उचलणाऱ्यांची जास्त वाढली, ते साहजिक आहे.

सेटच्या शेवटच्या रेप्सना एवढं महत्त्व का, याचं उत्तर १९३८ पासून ठाऊक आहे. ए. व्ही. हिल या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की स्नायू जितका सावकाश आखडतो तितका जास्त जोर लावू शकतो, कारण त्या वेळी एकाच क्षणी जास्त मायोसिन-डोकी ॲक्टिनला धरून असतात. सेटच्या शेवटी तुम्ही जीव तोडून ढकलता तरी वजन आपोआप मंद होतं. मोठे तंतू कामाला लागलेले, वेग कमी, म्हणून प्रत्येक तंतूवरचा ताण भरपूर. हा हिशोब आहे. मुद्दाम हळू उचलण्यात ही जादू नाही, कारण ताजातवाना असताना तुम्ही हळू उचललंत तर शरीर मोठ्या तंतूंना बोलावतच नाही.

आमच्याकडे कोल्हापूरकडचे लोक यावर हटकून विचारतात की मग हजार-हजार बैठका काढणाऱ्या पैलवानांच्या मांड्या कशा भरतात? रास्त प्रश्न आहे. नवख्या पोराला पन्नास बैठकांतच पाय थरथरायला लागतात, म्हणजे त्याच्यासाठी ते ३० टक्केवालं हलकं वजन दमेपर्यंत उचलणंच झालं. मांड्या भरतात. वर्ष-दोन वर्षांनी तोच पोरगा पाचशे बैठका गप्पा मारत काढतो. तेव्हा त्याला दम टिकवण्याचा फायदा मिळत राहतो, जो कुस्तीत लागतोच, पण मांडीची वाढ त्या बैठकांनी थांबलेली असते. जुन्या वस्तादांना हे शास्त्राच्या भाषेत सांगता आलं नसेल, पण कळलेलं होतं. म्हणून तर खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका, आखाड्याची माती फावड्याने खणणं, दोर चढणं, जड मुद्गल असले प्रकार तालमीत पुढच्या टप्प्यावर येतात. आणि पैलवानाच्या मांडीचं निम्मं श्रेय लढतीला द्यायला हवं. ऐंशी किलोचा माणूस अंगावर रेटत असतो तेव्हा कुठला ताण कमी पडणार?

आता फाटण्याकडे येऊ. ट्रेनरचं म्हणणं साफ खोटं नाही. अनोळखी व्यायाम केला, विशेषतः ज्यात स्नायू भाराखाली लांबत जातो, तर तंतूंच्या आतली रचना ठिकठिकाणी विस्कटते. चोवीस ते बहात्तर तास अंग आंबतं. पण हे विस्कटणं वाढीचं कारण आहे का? सिंहगड उतरून आलेल्या माणसाला विचारा. चढताना छाती भरून येते, पण दोन दिवस जिने उतरताना मांड्या बोंबलतात त्या उतरण्यामुळे, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू दर पावलाला लांबत लांबत भार झेलतो. नुकसानानेच स्नायू वाढत असते तर वर्षातून एकदा सिंहगडावर जाणाऱ्यांच्या मांड्या सगळ्यात जाड असत्या.

२०१६ मध्ये ब्राझीलमधल्या एका गटाने हे नीट मोजलं. आधी कधी वजनं न उचललेले दहा तरुण घेतले आणि दहा आठवडे त्यांचा व्यायाम घेतला. पहिल्या सत्रानंतर, तिसऱ्या आठवड्यात आणि शेवटी अशी तीनदा स्नायूतली प्रथिननिर्मिती मोजली. पहिल्या सत्रानंतर निर्मिती सगळ्यात जास्त होती, आणि नुकसानही. पण त्या उसळीचा आणि अखेरीस कोणाचा स्नायू किती वाढला याचा मेळ बसेना. तिसऱ्या आठवड्यापर्यंत नुकसान बरंच ओसरलं होतं, आणि तेव्हाच्या निर्मितीचा मात्र अंतिम वाढीशी चांगला मेळ बसला. गवंडी पडलेल्या भिंतीची डागडुजी करत असेल तोवर वरचा मजला चढत नाही. साधारण तसंच आहे हे. सिमेंट तेवढंच खर्च होतं, पण घर मोठं होत नाही.

शिवाय शरीर फार लवकर शिकतं. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की दुखणं निम्म्यावर येतं, चौथ्या-पाचव्यांदा जवळपास नाहीसं होतं. म्हणजे अंग आंबणं हे मुख्यतः व्यायाम अनोळखी असल्याची खूण आहे. ट्रेनर व्यायाम बदलतो, तुम्हाला पुन्हा दुखतं, तुम्ही दोघंही खूश होता. प्रत्यक्षात मात्र दर खेपेला तुम्ही डागडुजीच्या टप्प्यावर परत जाता आणि त्या व्यायामात वजन वाढवायची वेळ येण्याआधीच तो सोडून देता. पाच महिन्यांत तुमच्या बेंच प्रेसचं वजन किती वाढलं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला आधी तेच हवं होतं.

दुखण्यामागे लागण्यात एक खरा धोकाही आहे, आणि तो दरवर्षी नव्या वर्षाच्या संकल्पांनंतर बघायला मिळतो. पहिल्याच दिवशी पैजेवर दोन-तीनशे बैठका काढायच्या किंवा बाह्या फाटेस्तोवर दंड मारायचे. दोन दिवसांनी स्नायू दगडासारखे सुजतात, हात सरळ होत नाही, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. फुटलेल्या स्नायूपेशींतलं मायोग्लोबिन हे प्रथिन लघवीत उतरल्याचं ते लक्षण आहे, आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अशा वेळी मालिश नको, वेदनाशामक गोळ्या तर नकोतच; त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

पहिल्या महिन्यात तुमची ताकद भराभर वाढली असेल. ती बहुतेक मेंदूची करामत. मोरितानी आणि डी व्ह्रीस या संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती जास्त तंतू एकदम कामाला लावायला मज्जासंस्था शिकते म्हणून. आणि त्या महिन्यात दंडाची टेप अर्धा इंच जास्त दाखवत असेल तर त्यात सूज आणि पाणी बरंच असतं. स्नायूत साठणारी साखर, म्हणजे ग्लायकोजेन, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खरी वाढ मोजण्याइतकी दिसायला दीड-दोन महिने लागतात, आणि डोळ्यांना दिसायला त्याहून जास्त.

इतका वेळ का लागतो? जमाखर्च पाहा. स्नायूतल्या प्रथिनांपैकी साधारण एक ते दीड टक्का रोज मोडून नव्याने बनत असतं, व्यायाम असो वा नसो. एका चांगल्या सत्राने निर्मितीची बाजू वर जाते. १९९७ च्या एका अभ्यासात ती तीन तासांनी दुपटीहून थोडी जास्त होती, चोवीस तासांनी सुमारे ६५ टक्के जास्त आणि अठ्ठेचाळीस तासांनी ३४ टक्के जास्त. मोडतोडही थोडी वाढते. उरते ती फार बारीक शिल्लक. म्हणूनच 'सोमवार छाती, मंगळवार पाठ' असं एकेका स्नायूला आठवड्यातून एकदाच गाठण्यापेक्षा दोनदा गाठलेलं मला बरं वाटतं. उठाव ओसरतो न ओसरतो तोच पुढचा येतो.

आणि ही शिल्लक पडायला कच्चा माल हवा. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की वजनं उचलणाऱ्यांना दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही. तुमच्या ७० किलोला ११२ ग्रॅम. आपल्याकडची सर्वसाधारण शिफारस ०.८३ ग्रॅमची आहे, पण ती निरोगी माणसाची रोजची गरज भागवण्यापुरती. आता तुमचं ताट: सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात. घरच्या एका वाटी पातळ वरणात डाळ असते मूठभर, म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिनं. 'आम्ही रोज डाळ खातो' या वाक्यात डाळ किती आणि पाणी किती, हे कोणी मोजत नाही. एकादशीच्या साबुदाणा खिचडीत तर शेंगदाण्याचा कूट सोडला तर प्रथिनं नावापुरतीच.

जमतं, पण ठरवून करावं लागतं. अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, साठ ग्रॅम कोरड्या कडधान्याची घट्ट उसळ १३-१४, दिवसभराच्या पोळ्या-भाकऱ्यांतून १५-१६, मोठी वाटी दही ६-७. बेरीज ९५ च्या आसपास जाते. उरलेलं व्हेच्या एका चमच्याने भरलंत तरी हरकत नाही. तो दुधापासून काढलेला पदार्थ आहे, औषध नाही आणि विषही नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा सगळा हिशोब डॉक्टरांना विचारून करायचा. शेंगदाणे प्रथिनांसाठी खाणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्यात प्रथिनांच्या जवळपास दुप्पट तेल असतं. पैलवानाच्या खुराकातलं तूप आणि बदामाची थंडाई दिवसाला पाच-सहा तास मेहनत करणाऱ्या पोराला पचते. आठ तास खुर्चीत बसणाऱ्याला नाही पचत.

झोपेबद्दल एकच आकडा देतो. २०२१ मधल्या एका प्रयोगात तेरा तरुण-तरुणींना एक रात्र पूर्ण जागं ठेवलं, तर त्यांच्या स्नायूतली प्रथिननिर्मिती १८ टक्क्यांनी घसरली. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्री दीडपर्यंत कॉलवर बसून पहाटे सहाला जिम गाठणं ही मेहनत दिसायला मोठी, पण तिची किंमत कळून मोजा.

वजनकाटा हलला नाही म्हणून खट्टू होऊ नका. पँट सैल झाली आणि वजन तेच, म्हणजे चरबी गेली आणि तिच्या जागी थोडा स्नायू आला. आपल्या लोकांसाठी ही अदलाबदल फार मोलाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हाडकुळे दिसणारे आपण आतून स्नायूंनी कमी आणि चरबीने जास्त असतो. जेवणानंतर इन्शुलिनच्या हुकमाने उचलली जाणारी साखर बहुतांशी स्नायूंत जाते, त्यामुळे स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायला जागा कमी. एक्केचाळिसाव्या वर्षी दंडाच्या मापापेक्षा मला तुमची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा, जास्त महत्त्वाची वाटते, पण तुम्ही ती विचारलेली नाही.

करायचं काय? पुढचे तीन महिने व्यायाम बदलू नका. स्क्वॉट किंवा लेग प्रेस, मांडीच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, लॅट पुलडाउन, खांद्यांचा प्रेस, आणि हौस म्हणून दंडाचे एक-दोन प्रकार. आठवड्यातून तीन दिवस, आणि प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यात मिळून दहाच्या आसपास कष्टाचे सेट. कष्टाचा सेट म्हणजे ज्यात थांबताना 'अजून एक-दोन निघाल्या असत्या, तिसरी नाही' अशी अवस्था असते. मोबाइल बघत संपवलेला सेट धरायचा नाही. रेप्स सहा असोत की पंधरा, फार फरक पडत नाही. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं बसा. घाईने घाम जास्त येतो, वाढ नाही. हालचाल पूर्ण करा, विशेषतः जिथे स्नायू ताणलेला असतो तो खालचा भाग. अर्ध्या स्क्वॉटवर प्लेटा चढवून फोटो चांगले येतात, एवढंच.

आणि एक वही घाला. तारीख, वजन, रेप्स. ठरवलेल्या तिन्ही सेटमध्ये बारा रेप्स निघाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. तंतू जाड झाले की तेच वजन प्रत्येक तंतूला आधीपेक्षा हलकं पडतं, म्हणून भार वाढवत न्यावा लागतो. त्यात दुसरं काही गुपित नाही. वहीतला आकडा दोन-तीन महिन्यांत वर सरकत असेल तर अंग दुखो न दुखो, तुम्ही वाढताय. सरकत नसेल तर आधी जेवण आणि झोप तपासा, मग व्यायाम.

शेजारच्या माणसाशी तुलना करू नका, हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. २००५ मध्ये ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे एकाच दंडाचा एकसारखा व्यायाम केला. कोणाचा स्नायू जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढला, काहींचा तसूभरही नाही. अनुवंशाचा वाटा मोठा आहे. आणि शेजारचा तीन महिन्यांत फुगला असेल तर दुसरंही कारण असू शकतं. १९९६ मध्ये शलेंदर भसीन यांच्या गटाने केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात दहा आठवडे टेस्टोस्टेरॉनचे मोठे डोस घेऊन काहीच व्यायाम न करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे तीन किलोंनी वाढलं. औषधाशिवाय इमानेइतबारे व्यायाम करणाऱ्यांचं दोन किलोंच्या आत. जिममध्ये कोणी 'छोटासा कोर्स' सुचवला तर हा हिशोब लक्षात ठेवा, आणि हेही की बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, शुक्राणू घटतात आणि हृदयाचा स्नायूही जाड होतो, जो जाड व्हायला नको असतो.

आता आईबद्दल. चालेल, आणि तुमच्यापेक्षा त्यांना जास्त गरज आहे. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांनी, वयं ८६ ते ९६, आठ आठवडे पायांना बऱ्यापैकी जड वजनं लावून व्यायाम केला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूचा आडवा छेद ९ टक्क्यांनी. नव्वदीत जे होतं ते अडुसष्टाव्या वर्षी का होणार नाही? आधी रक्तदाब, साखर आणि छातीचा काही त्रास आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने करा, आठ-दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बसायची उंची वाढवा. सोपं वाटायला लागलं की छातीशी दोन किलोची पिठाची पिशवी धरायला सांगा, मग तीन, मग पाच. उठताना श्वास कोंडून धरायचा नाही, मोजत उठलं की श्वास आपोआप चालू राहतो. वरणाची वाटी त्यांचीही घट्ट करा, कारण घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेलं वरण बहुधा त्यांच्याच वाट्याला येत असणार.